स्पोर्ट्स कारची मागची नंबर प्लेट: गोव्यात ती कशी बसवावी, कशी उजळावी

स्पोर्ट्स कार घेणारा माणूस रिम, टायर आणि सायलेन्सरच्या आवाजावर तासभर बोलेल. मागच्या नंबर प्लेटची आठवण त्याला शेवटी होते. तोवर बंपर बदललेला असतो, धुराचे पाइप मधोमध आलेले असतात आणि प्लेटला जागा उरलेली नसते. म्हणून मागच्या बाजूचा कुठलाही बदल ठरवण्याआधी प्लेट कुठे बसणार आणि तिच्यावर उजेड कुठून पडणार, हे नक्की करा. मूळ बंपर असेल तर काम एका सकाळचं आहे. बाहेरून आणलेला बंपर किंवा फायबरची बॉडी असेल तर दोन सुट्ट्या हाताशी ठेवा.

कोणतं काम तुमचं, कोणतं नाही

नव्या मालकांचा गोंधळ इथेच होतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, गाडीबरोबरच मिळते. त्याआधीच्या गाडीला ती नंतर करून घ्यावी लागते. ही प्लेट १ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमची असते. वर डाव्या कोपऱ्यात २० × २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या अक्षरांत आयएनडी, आणि डाव्या बाजूला तळाशी लेझरने कोरलेला दहा अंकी-अक्षरी क्रमांक. मागची प्लेट ज्या स्नॅप लॉकने बसते ते एकदाच वापरता येतं. काढायचं म्हटलं तर तोडावंच लागतं.

म्हणजे प्लेटला भोकं पाडणं, ती स्क्रूने आवळणं, लॉक तोडून पुन्हा बसवणं यातलं काहीही तुम्ही करायचं नाही. ते डीलरचं किंवा सरकारमान्य फिटरचं काम. तुमच्या हातात राहतो तो प्लेटमागचा आधार, दिवा, वायरिंग आणि अर्थिंग. प्लेट येण्यापूर्वी हे सगळं तयार ठेवलंत, तर फिटर दहा मिनिटांत लॉक ठोकून मोकळा होतो. नाही ठेवलंत तर तो जिथे जमेल तिथे ठोकतो, आणि मग ती प्लेट तशीच वाकडी मिरवत फिरावं लागतं.

रंगाचंही सांगून टाकतो, कारण गोव्यात रस्त्यावर सगळेच रंग दिसतात. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळी अक्षरं, खासगी इलेक्ट्रिक गाडीला हिरव्यावर पांढरी, टॅक्सीला पिवळ्यावर काळी. कळंगुट-बागा पट्ट्यात काळ्यावर पिवळी अक्षरं दिसतात ती भाड्याने स्वतः चालवायला मिळणाऱ्या गाड्यांची. 'काळी प्लेट स्पोर्टी दिसते' म्हणून खासगी गाडीला ती लावणारे महाभाग आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावं, की पोलिसाला ती गाडी भाड्याची वाटणार आणि तो आधी तिचेच कागद मागणार.

आधी मोजमाप

मोटारीसाठी प्लेटची दोन मापं चालतात: ५०० × १२० मिलिमीटरची लांब पट्टी आणि ३४० × २०० मिलिमीटरची दुमजली चौकट. दोन्हींवर अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि मधलं अंतर १०. तुमच्या बंपरातली खाच मात्र गाडी ज्या बाजारासाठी बनली त्या बाजाराच्या मापाची असते. युरोपातली प्लेट साधारण ५२० × ११० ची. त्यामुळे जर्मन गाड्यांच्या खाचेत आपली लांब पट्टी रुंदीला आरामात बसते, पण उंचीला १० मिलिमीटर जास्त लागते. वरच्या दिव्याच्या कडेला ती घासत नाही ना, ते पाहा. जपानी प्लेट ३३० × १६५ ची. जपानी बाजारासाठी घडवलेल्या बंपरात आपली चौकट उंचीला मावत नाही आणि पट्टी दोन्ही बाजूंना बाहेर येते. अमेरिकी खाच १२ × ६ इंचांची, तिथेही तीच रड. अशा गाडीला खाचेच्या पुढे येणारा आधार करावा लागतो, आणि मग मूळ दिवा प्लेटच्या मागे जातो. बहुतेक वेळा दिव्याची जागा हलवावी लागते ती याच कारणाने.

जाड पुठ्ठ्यातून दोन्ही मापं कापा, त्यावर मार्करने आपला नंबर खऱ्या उंचीच्या अक्षरांत लिहा आणि मास्किंग टेपने गाडीला चिकटवून पाहा. डिकी उघडून-मिटून बघा. रिव्हर्स कॅमेरा झाकला जातोय का? पार्किंग सेन्सरसमोर प्लेटची कड आली तर तो सारखा बोंबलत राहील. धुराचा पाइप मधोमध असेल, जसा पोर्शच्या बॉक्सटर-केमन घराण्यात असतो, तर इंजिन गरम झाल्यावर पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला हात लावून पाहा. हाताला सोसवत नसेल तर तिथे प्लास्टिकचा आधार किंवा वायर नको.

मग गाडीच्या मागे वीसेक पावलं चालत जा आणि वळून बघा. नियमाचं अंतर १५ मीटर आहे. तिथून नंबर सरळ वाचता आला पाहिजे, वाकून नव्हे. प्लेट आडवी निजवून बंपरच्या पोटात सरकवायची फॅशन आहे. ती करू नका. पणजीजवळच्या मेरशीच्या चौकात कॅमेरा नंबर वाचतो, आणि न वाचता येणारी प्लेट ही वेगापेक्षा वाईट तक्रार ठरते, कारण ती लपवल्यासारखी दिसते. प्लेट शक्य तितकी उभीच ठेवा.

उंचीबद्दल गोव्यापुरती एक गोष्ट. चोडण किंवा दिवाडीला फेरीबोटीने जाणार असाल तर रॅम्पवर चढताना आणि उतरताना खाली बसलेल्या गाडीचं शेपूट जमिनीला लागतं. पुढची लिप, म्हणजे बंपरची खालची कड, सगळे सांभाळतात, पण मागे लोंबणारी प्लेट कोणाच्या ध्यानात येत नाही. बंपरच्या सर्वांत खालच्या रेषेखाली प्लेटची कड येता कामा नये. १ मिलिमीटरचं अॅल्युमिनियम रॅम्पला टेकलं की पत्र्यासारखं दुमडतं, आणि दुमडलेली एचएसआरपी ठोकून सरळ केली तरी तिच्यावरची परावर्तक फिल्म तडकलेली राहते.

माप ठरलं की प्लेटची मागणी नोंदवताना ते स्पष्ट सांगा. नेहमीच्या गाड्यांना काय लागतं हे डीलरला ठाऊक असतं. तुमच्या गाडीसारख्या गाड्या तिथे रोज येत नाहीत, त्यामुळे पुढची पट्टी आणि मागची चौकट असं हवं असेल तर लिहून द्या आणि पुठ्ठ्याचा फोटो जोडा.

आधार

एवढ्या पातळ प्लेटला मागून सपाट आधार नसेल तर ती वाऱ्याने थरथरते, आणि डिकीवर असेल तर डिकी आपटताना खडखडते. साइनबोर्डवाल्याकडे मिळणाऱ्या ३ मिलिमीटर अॅल्युमिनियम कंपोझिट शीटचा प्लेटच्या मापाचा तुकडा मला सर्वांत सोयीचा वाटतो. तो हलका असतो, गंजत नाही आणि करवतीने नीट कापता येतो. खाच वक्र असेल तर मागे रबराचे तुकडे घालून तो सपाट करा. वक्र पृष्ठभागावर प्लेट दाबून वाकवू नका.

बंपरच्या प्लास्टिकला थेट स्क्रू मारला तर वर्षभरात भोक मोठं होतं. त्याऐवजी आतून फुगून पकडणारा रबरी नट वापरा. एम६ चा, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा, बोल्ट आवळला की तो मागच्या बाजूने फुगतो आणि प्लास्टिकवर ताण पसरतो. भोक पाडण्यापूर्वी बंपरच्या मागे हात घालून पाहा. सेन्सरची वायर किंवा फोमचा ठोकळा तिथेच असतो. ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. बंपरवर रंग असेल तर भोकाच्या जागी आधी मास्किंग टेप चिकटवा, म्हणजे रंगाचा टवका उडणार नाही. स्नॅप लॉकची शेपटी आधारामागे बाहेर येते, तिच्यासाठी दोन-तीन सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा आणि त्या जागेतून वायर नेऊ नका.

समुद्राकाठी स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून राहिले, की खाऱ्या ओलाव्यात अॅल्युमिनियम झिजायला लागतं आणि बोल्टभोवती पांढरी भुकटी येते. मिरामार, कांदोळी, वागातोरला गाडी उघड्यावर राहत असेल तर हे एका पावसाळ्यात दिसतं. उपाय स्वस्त आहे: बोल्टच्या डोक्याखाली आणि मागे नायलॉनचा वॉशर घाला. बोल्ट ३१६ ग्रेडचा मिळाला तर घ्या. साधा लोखंडी, वर पिवळट मुलामा दिलेला बोल्ट घेऊ नका. त्याचे तपकिरी ओघळ पांढऱ्या प्लेटवरून उतरतात आणि घासूनही जात नाहीत.

दुतर्फी टेपने आधार चिकटवायचा सल्ला बरेच देतात. आमच्याकडच्या मे महिन्यात काळ्या बंपरचा पृष्ठभाग तापतो, जूनमध्ये तोच भिजतो, आणि टेप सुटते. बोल्टच्या जोडीला, थरथर मारण्यापुरती टेप ठीक. एकट्या टेपवर विसंबू नका.

प्लेटभोवती फ्रेम हवीच असेल तर तिने होलोग्राम, आयएनडी किंवा लेझर क्रमांक झाकता कामा नये. वरून काच, अॅक्रिलिक, धुरकट फिल्म असलं काही नको. फ्रेमच्या तळाला दोन छोटी भोकं ठेवा. नाहीतर डिचोली-साखळीकडच्या रस्त्यावरचा लाल चिखल आत साचून राहतो.

दिवा

नियम थोडक्यात असा: अंधारात मागची संपूर्ण नोंदणी खूण पांढऱ्या प्रकाशात उजळलेली असावी आणि १५ मीटरवरून वाचता यावी. यातला 'संपूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. मधोमध एक झगझगीत ठिपका आणि दोन्ही टोकांना अंधार, अशी प्लेट नियमात बसत नाही. निळा, जांभळा किंवा लाल उजेड तर मुळीच नाही.

युरोपीय नियमांत यासाठी एक उपयुक्त अट आहे: दिव्याचा किरण प्लेटच्या कुठल्याही बिंदूवर पडताना लंबापासून, म्हणजे प्लेटशी काटकोन करणाऱ्या रेषेपासून, ८२ अंशांपेक्षा जास्त तिरका नसावा. हिशेब मांडला तर तुमच्या कामाचा आकडा निघतो. लांब पट्टीच्या वरच्या कडेला दोन दिवे असतील, एकेक डाव्या-उजव्या अर्ध्याच्या मध्यावर, तर दिव्याचं तोंड प्लेटच्या पृष्ठभागापासून निदान अडीच सेंटिमीटर पुढे असावं. एकच दिवा मधोमध असेल तर जवळपास चार. दुमजली चौकटीला वरून एक दिवा पुरतो, पण तोही तितकाच, चारच्या आसपास पुढे हवा. खाचेबाहेर आलेल्या प्लेटवर मूळ दिवा निकामी का होतो ते इथे कळतं: प्लेट पुढे आली, दिवा होता तिथेच राहिला, अंतर संपलं. अशा वेळी जास्त वॅटचा बल्ब घालून काही साधत नाही. दिवाच पुढे आणावा लागतो.

दिव्याला मागच्या बाजूने छोटी झापड हवी, म्हणजे पांढरा झोत मागून येणाऱ्याच्या डोळ्यात जाणार नाही. स्कूटरवर बसलेल्याच्या उंचीला खाली बसून एकदा खात्री करा. नग्न एलईडीची पट्टी प्लेटच्या कडेला चिकटवणारे हेच विसरतात.

बल्बचे दोन प्रकार भेटतात. दोन्ही टोकांना टोप्या असलेला नळीसारखा ५ वॅटचा, बहुधा ३६ मिलिमीटर लांबीचा, आणि दुसरा काचेच्या चपट्या बुडाचा, ज्याला दुकानात टी१० म्हणतात. ३६ आणि ३९ मिलिमीटरमध्ये फसगत होते, जुना बल्ब सोबत न्या. एलईडी की साधा? माझं मत साध्या बल्बच्या बाजूचं आहे, निदान किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी. त्याच्या उष्णतेने काचेच्या आतला दमटपणा सुकतो. शिवाय जर्मन गाड्या बल्बने घेतलेल्या करंटवरून तो जिवंत आहे का ते ओळखतात. एलईडी कमी करंट घेते, म्हणून डॅशबोर्डवर बल्ब गेल्याचा इशारा येतो. तो घालवायला आत रेझिस्टर असलेली एलईडी मिळते, पण तो रेझिस्टर तापतो आणि बंद प्लास्टिकच्या भिंगाला ते सोसत नाही. एलईडीच घालायची तर पांढरी, निळसर झाक नसलेली घ्या. लागली नाही तर उलटी फिरवून पाहा, कारण तिला दिशा असते.

वायर आणि अर्थ

इथे घाई करू नका. गोव्यात प्लेटचा दिवा गेला म्हणजे बल्ब गेला, असं समजून लोक दोन-तीन बल्ब बदलतात. दोष बहुतेक वेळा अर्थमध्ये, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडात, असतो.

दिव्याला पुरवठा पार्किंग लाइटच्या सर्किटमधून घ्या. ब्रेकच्या नाही, रिव्हर्सच्याही नाही. पार्किंग लाइट लावली की प्लेट उजळली पाहिजे. ५ वॅटचे दोन बल्ब मिळून एक अँपियरसुद्धा घेत नाहीत, त्यामुळे रिले लागत नाही आणि ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर भरपूर होते. मूळ वायर कापून पिळून टेप मारू नका. वायरच्या टोकाला धातूचा लग दाबून बसवा (क्रिंप करा) आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. खारी हवा तांब्याच्या तारांतून आतवर चढत जाते. बाहेरून ठणठणीत दिसणारी वायर सोलली की आत हिरवी निघते.

पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ असते. फायबर किंवा कंपोझिट बॉडीत तशी नसते. आपल्याकडच्या दोन देशी स्पोर्ट्स कार, रेनॉच्या छोट्या इंजिनाची दोन आसनी सॅन स्टॉर्म आणि नंतरची डीसी अवंती, दोन्हींची बॉडी पत्र्याची नाही. अशा गाडीत दिव्यापासून चॅसिसपर्यंत अर्थची वेगळी वायर न्यावीच लागते. दिव्याच्या स्क्रूला अर्थ जोडून मेस्त्री 'झालं बाब' म्हणाला, तर तो स्क्रू नेमका कशात बसलाय हे विचारा.

तपासणी मल्टिमीटरने. दिवे चालू ठेवून काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल तार दिव्याच्या अर्थ टोकाला लावा. ०.१ व्होल्टच्या आत वाचन आलं तर अर्थ चांगली. ०.२ च्या वर गेलं तर जोड सोडवून, रेगमालाने चकचकीत घासून, पुन्हा आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी नाही, आवळल्यानंतर. मल्टिमीटर नसेल तर एक ढोबळ खूण: ब्रेक दाबल्यावर प्लेटचा दिवा मंदावत असेल, तर दोघांची एकच अर्थ आहे आणि ती दुबळी झाली आहे.

प्लेट डिकीच्या झाकणावर असेल तर बिजागरीजवळच्या रबरी नळीतून वायरी जातात. झाकण उघडून-मिटून त्या आत तुटतात, वरून रबर शाबूत दिसतं. दिवा चालू ठेवून झाकण हळूहळू वर-खाली करा. कुठल्यातरी कोनात तो लुकलुकला तर रबर मागे सरकवून बघा. नवी वायर जोडताना थोडी ढील ठेवा.

बंपरमधून वायर जिथे बाहेर येते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी, हवा. आणि दिव्याकडे जाताना वायरला खालच्या बाजूने एक झोल द्या, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळून झोलात ठिबकेल, दिव्यात शिरणार नाही. जूनच्या आधी करायच्या कामांत हे सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत टिकाऊ आहे.

बसवण्याच्या दिवशी

फिटर यायच्या आत अंधारात एकदा पुठ्ठ्याची प्लेट उजळून बघा, मोबाइलने १५ मीटरवरून फोटो काढा. चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता आली पाहिजेत. प्लेट हातात आली की आरसीवरचा नंबर जुळवा, आणि लेझर क्रमांकाचाही फोटो काढून ठेवा. लॉक ठोकण्यापूर्वी स्पिरिट लेव्हलची पट्टी प्लेटच्या वरच्या कडेवर ठेवून ती समतल आहे का ते पाहा. गाडी स्वतः सपाट जमिनीवर आहे ना, हे आधी. एकदा टक् आवाज झाला की दुरुस्ती नाही.

५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दोन आसनी गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. अशा गाडीला रस्त्यावर रोज फिरवायची मुभा मात्र नसते.

पावसाळाभर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने प्लेटमागची जागा धुवा, भिंगाच्या आत थेंब दिसले तर भिंग काढून सुकवा. दसऱ्याला गाडी धुऊन पुजायला काढतात, त्याच दिवशी बोल्टही तपासता येतात. प्लेट वाकली, फाटली तर रस्त्याकडेच्या रेडियमवाल्याकडून तात्पुरती रंगवून घेऊ नका. तोच नंबर नव्या एचएसआरपीवर अधिकृत मार्गानेच मिळतो. चोरीला गेली किंवा कुठे पडली तर आधी पोलिसांत तक्रार नोंदवा, कारण नवी मागताना तिची प्रत लागते.